कोब्राचा ताळेबंद

खेळण्यांचा इतिहास कोणी घडवला असं विचारलं की लोक शिल्पकारांची नावं घेतात, चित्रकारांची घेतात, फारच झालं तर एखाद्या मार्केटिंगवाल्याचं. अकाउंटंटचं नाव कोणीही घेत नाही. आता मी स्वतः अकाउंटंट आहे, अमेरिकेत रीतसर परीक्षा देऊन सीपीए झालेली, त्यामुळे हे मला जरा लागतं, पण नुसतं लागतं म्हणून बोलत नाहीये, माझ्याकडे पुरावे आहेत. ते पुरावे गोळा करण्यात आमचे किती वीकेंड गेले ते माझ्या नवऱ्याला विचारा. किंवा नकोच, तो एकदा सुरू झाला की आवरत नाही.

विषय आहे जी.आय. जो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. हॅसब्रो कंपनीने १९६४ साली अमेरिकेत एक फूट उंचीचा सैनिक विकायला काढला, त्याचे कपडे बदलायचे, हातात बंदूक द्यायची, तो जोरात चालला, मग दमला आणि बंद पडला. आणि १९८२ साली तोच गडी पावणेचार इंचाचा होऊन परत आला, यावेळी एकटा नाही, अख्खी पलटण घेऊन, समोर लढायला कोब्रा नावाची दुष्ट संघटना, रणगाडे, विमानं, आणि जोडीला मार्व्हलचं दर महिन्याला येणारं कॉमिक. उंची कमी केली की प्लास्टिक कमी लागतं आणि शिवाय त्या मापाचं विमान मुलाच्या खोलीत मावतं, म्हणजे आता विमानही विकता येतं. हा विचार शिल्पकाराला सुचेल असं वाटतं तुम्हाला?

बरं, या सगळ्या पलटणीतला सगळ्यात लाडका कोण, तर स्नेक आइज. नखशिखांत काळा, चेहरा झाकलेला, तोंडातून एक शब्द नाही. त्याच्या मौनावर माणसं रात्र रात्र बोलतात. पण तो काळा का? तर पहिल्या पलटणीच्या रंगकामाचं बजेट जमत नव्हतं, बाकीच्यांच्या मिशा, भुवया, पट्टे रंगवायचे तर कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती, म्हणून एक जण सरळ काळ्या प्लास्टिकमध्ये ओतला आणि रंगाचा एक थेंब न लावता पाकिटात घातला. झालं. कुणीतरी कॅल्क्युलेटरवर शेवटचं बटण दाबलं आणि एक दंतकथा जन्माला आली. त्याच पलटणीत डोकीसुद्धा मोजकीच आहेत, तोच चेहरा, केसांचा रंग बदलला की नवा जवान. चाळीस वर्षं झाली, लोक या जवानांच्या स्वभावातले बारीक फरक एकमेकांना समजावून सांगतायत.

आणि वकिलांनाही थोडं श्रेय द्यावं लागेल, नाइलाज आहे. त्या काळी टीव्हीवर खेळण्याच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवायचं यावर बंधनं होती. कॉमिकच्या जाहिरातीवर मात्र तशी काही बंधनं नव्हती, कारण कॉमिकची टीव्हीवर जाहिरात करण्याइतका वेडा कोणी असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. तर यांनी कॉमिकची जाहिरात केली, पूर्ण कार्टूनमध्ये, धडाधड स्फोट वगैरे, आणि पोरं दुकानात जाऊन खेळणी मागायला लागली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं कॉमिक खाली ठेवून उभी राहिले होते, आदराने.

कॉमिक लिहिणारा लॅरी हामा. व्हिएतनामला सैन्यात जाऊन आलेला माणूस. खेळण्याच्या जाहिरातीचं कॉमिक कोण लिहिणार म्हणून मार्व्हलमध्ये बाकी कुणाला ते नको होतं, शेवटी यांच्यापर्यंत आलं आणि यांनी ते १५५ अंकांपर्यंत नेलं, १९८२ ते १९९४. मग मधे मोठा खंड, आणि २०१० मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडे तिथूनच पुढे सुरू. १९८४ साली आलेला २१ वा अंक अख्खा बिनशब्दांचा आहे, एकही संवाद नाही, आणि शेवटच्या चित्रात कळतं की स्नेक आइजच्या आणि त्याचा शत्रू स्टॉर्म शॅडोच्या हातावर एकच गोंदण आहे. हे गोंदण आज कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यात, इतक्या हातांवर दिसतं की दोघांचं गुपित वगैरे राहिलेलंच नाही. आता त्या एका चित्रामागे लेखकाने किती दूरचं आखलं असेल यावर शोधनिबंध लिहिणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि हामा स्वतः इतकी वर्षं मुलाखतींमधून सांगतायत की मी पान लिहिताना पुढच्या पानावर काय होणार ते मला माहीत नसतं. कुणी ऐकत नाही. संशोधकाला लेखकाचं ऐकून कसं चालेल.

माझी आवड मात्र बालपणातली वगैरे नाही. इकडे शिकायला आले तेव्हा कॉमिकच्या एका दुकानात एक-एक डॉलरचा खोका असायचा, पैसे नसायचे म्हणून मी त्यातलंच वाचायचे, आणि खोक्यात जी.आय. जो भरपूर. मग खेळण्याच्या पाकिटामागे छापलेली फाइल कार्डं सापडली. प्रत्येक पात्राचं एक कार्ड, खरं नाव, जन्मगाव, लष्करी कौशल्य, खाली दोन परिच्छेद चरित्र, तीही बहुतेक हामांनीच लिहिलेली. कोब्राचा डॉक्टर माइंडबेंडर हा मूळचा दातांना तारा लावणारा डॉक्टर आहे असल्या गोष्टी तिथे कळतात. आणि असंच वाचता वाचता १९८५ चं क्रिमझन गार्डचं कार्ड हातात आलं. हे कोब्राचे उच्चभ्रू सैनिक, लालभडक गणवेश, चेहऱ्यावर मुखवटा, आणि भरतीची अट काय? कायद्याची किंवा अकाउंटिंगची पदवी!

मी ते परत वाचलं. मग नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. सिनेमात, मालिकेत, कुठेही बघा, अकाउंटंट म्हणजे चष्मेवाला, घाबरट, पहिल्या अर्ध्या तासात मरणारा. आणि इथे एक जागतिक दहशतवादी संघटना म्हणतेय की आमच्याकडे सगळ्यात भारी लोक हवेत, आणि पळणं, पोहणं, नेमबाजी सगळं जमत असलं तरी डेबिट-क्रेडिट येत नसेल तर रांगेत उभं राहू नका. चांगल्या बाजूच्या पलटणीत हिमयुद्धवाला आहे, कुत्रेवाला आहे, एक खलाशी पोपट घेऊन फिरतो, पण सीपीए औषधालासुद्धा नाही. तेव्हाच मी बाजू ठरवली.

तर अशाच एका कन्व्हेन्शनला घालून जायला क्रिमझन गार्डचा ड्रेस शिवला. म्हणजे अर्धा शिवला, अर्धा मागवला, बूट रंगवले. हेल्मेटसकट अख्खा मुखवटा आहे आणि त्याचा अनुभव असा की समोरचं दिसतं, नाकाखालचं जग संपतं, आणि ऐकू सगळं पाण्याखालून आल्यासारखं येतं. जॉर्जियात, उन्हाळ्यात. हॉटेलच्या आत एसी एवढा की कुडकुडायला होतं आणि मुखवट्याच्या आत तरीही घाम. पाणी प्यायला स्ट्रॉ, पण स्ट्रॉ आत घालायला भोक नाही. बाथरूमबद्दल मी लिहिणार नाही, एवढंच सांगते की कोब्राचा एकही कट यशस्वी का होत नाही ते मला त्या दिवशी कळलं.

दारात आधी शस्त्रतपासणी. माझी बंदूक पुठ्ठ्याची, तिच्यावर एका स्वयंसेवकाने प्लास्टिकची पट्टी बांधली, तपासलेलं असल्याची खूण म्हणून, आणि गंभीरपणे म्हणाला, कुणावर रोखायची नाही. माझ्यामागे एक जण होता त्याच्या पाठीवर दोन तलवारी, कमरेला चाकू, पायाला अजून एक चाकू, सगळं फोमचं, त्याची तपासणी संपेपर्यंत रांग पार्किंगपर्यंत गेली. आणि तेवढ्यात लिफ्टपाशी आरडाओरडा, कारण कुणीतरी यूएसएस फ्लॅग घेऊन आलं होतं. हे १९८५ चं विमानवाहू जहाज, साडेसात फूट लांब, खेळणं बरं का, पलंगापेक्षा मोठं, तेव्हा शंभराच्या वर डॉलरला मिळायचं आणि ज्याच्याकडे होतं तो मुलगा आयुष्यभर गल्लीचा राजा. ते चौघांनी धरलेलं, लिफ्टमध्ये आडवं जाईना, उभं जाईना, तिरकं करायला गेले तर कठड्याचा एक तुकडा निखळून खाली पडला आणि सगळे चौघं एकदम "हलू नका!" असं ओरडले, मग त्या गालिच्यावर नौदलाचे दोन ॲडमिरल, एक निन्जा आणि हॉटेलचा सामान उचलणारा माणूस असे गुडघ्यावर बसून तो तुकडा शोधत होते. मला मदत करायची होती पण सांगितलं ना, नाकाखालचं जग संपलेलं.

आता माझा खरा छळ. मी मुखवट्यात, नवरा साध्या टी-शर्टमध्ये, हातात पिशव्या. त्यामुळे ज्या टेबलापाशी जाऊ तिथला विक्रेता नवऱ्याशी बोलणार. मी उचलून बघतेय, मी मागची तारीख वाचतेय, मी विचारतेय, आणि उत्तर त्याला. नवऱ्याला यातलं काहीही माहीत नाही. त्याच्या लेखी दोनच प्रकार आहेत, "तो काळा" आणि "बाकीचे". एका टेबलावर विक्रेत्याने त्याला विचारलं, स्ट्रेट आर्म बघताय की स्विव्हल? आता हा मूलभूत प्रश्न आहे, १९८२ च्या पहिल्या बाहुल्यांचा हात कोपरात वाकतो पण दंडापाशी फिरत नाही, १९८३ पासून फिरतो, आणि त्या एका फिरण्यावर किंमत बदलते. नवऱ्याने थोडा विचार करून सांगितलं, "दोन्ही चालतील." विक्रेता एकदम अदबीने उभाच राहिला, टेबलाखालून वेगळा डबा काढला.

आणि हे दिवसभर. याला काही येत नाही म्हणून हा कमी बोलतो, कमी बोलतो म्हणून लोकांना वाटतं फार खोल पाण्यातला आहे. दुपारपर्यंत त्याला तिघांनी कार्ड दिलं होतं. एकाने हातावरचं ते प्रसिद्ध गोंदण दाखवलं, सहा आडव्या रेघांचं, जुन्या चिनी ग्रंथातलं चिन्ह आहे ते, तर हा म्हणतो, "बारकोड आहे का? स्कॅन होतो?" तो माणूस पोट धरून हसला, म्हणाला इतक्या वर्षांत इतका कोरडा विनोद ऐकला नव्हता. मी मुखवट्याच्या आत दात खात होते, आणि ते कुणाला दिसतही नव्हतं.

हॉलमध्ये बाकी वातावरण भाजीबाजाराचं, लोक बाहुला उचलतात, कंबर दाबून बघतात, मान फिरवतात, अंगठे तपासतात, खाली ठेवतात, दोन टेबलं पुढे जातात, परत येऊन भाव करतात. कंबर का, तर या बाहुल्यांचं धड आणि पाय आतून एका काळ्या रबरी रिंगने जोडलेले असतात. चाळीस वर्षांत ते रबर वाळतं, आणि मग एखाद्या शूर सेनापतीला तुम्ही प्रेमाने उचललं की वरचा भाग तुमच्या हातात आणि पाय टेबलावर. रिंग काही सेंटला मिळते, बदलता येते, पण तो क्षण फार वाईट असतो, विशेषतः बाहुला अजून तुमचा झालेला नसेल तर.

अकाउंटंट म्हणून मला या बाजाराचा मात्र जीव घेणारा त्रास होतो. पाकिटामागच्या फाइल कार्डाभोवती तुटक रेघ छापलेली, कापा आणि जपून ठेवा अशा अर्थाने. ज्या मुलाने सांगितल्याप्रमाणे नीट कापलं त्याच्या पाकिटाची किंमत गेली. खोक्यावर फ्लॅग पॉइंट छापलेले, ते कापून पोस्टाने पाठवले की खास बाहुला घरी यायचा, कोब्रा कमांडरसुद्धा सुरुवातीला असाच पोस्टाने मिळायचा. ज्याने पाठवले त्याचा खोका आता भोक पडलेला, म्हणजे कमी भावाचा. थोडक्यात, कंपनीचं ऐकणारी सगळी पोरं तोट्यात, आणि जो आळशी मुलगा पाकीट न उघडताच विसरून गेला तो आज घर घेईल. आम्ही कॉलेजात घसारा शिकलो तो वापरल्याने होतो असं शिकलो होतो, इथे खेळल्याने होतो. १९६४ च्या पहिल्या जो चा मूळ नमुना २००३ साली दोन लाख डॉलरला विकला गेला, आणि त्याच्याशी कोणी एक दिवस तरी खेळलं असेल का याची मला शंका आहे. त्या जुन्या मोठ्या जो ची अजून एक गंमत, त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख उलट्या बाजूला आहे. शरीररचनेच्या दृष्टीने गाढवपणा, पण पुढे नकला करणारे पकडायला हीच खूण कामाला आली. हॉलमध्ये मी एक अख्खा पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस भिंग लावून प्लास्टिकचं नख वाचताना बघितला आणि मला भरून आलं, आपलं माणूस.

आणि मग ते वाक्य. मी उभी असले की फोटो काढायला लोक येतात, फोटो झाला की जातील असं वाटतं, जात नाहीत. सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, "माझ्याकडे सगळे होते. आईने टाकून दिले." वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या राज्यांतले, सगळ्यांच्या आयांनी टाकून दिले. कुणाच्या आईने गराज सेलमध्ये एका डॉलरला खोकाभर विकले, कुणाच्या आईने चुलतभावाला दिले, आणि चुलतभावाने फटाक्यांनी उडवले. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेत या आयांनी मिळून किती मालमत्ता नष्ट केली याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. एकदा मी मुखवट्यातून म्हटलं, पण त्यांनी टाकले म्हणूनच तर आज उरलेल्यांना भाव आहे, पुरवठा कमी झाला की किंमत वाढते. त्याला बहुधा नीट ऐकू गेलं नाही, कारण त्याने मला मिठी मारली.

एका माणसाने मात्र माझा मुखवटा काढलेला असताना मला गाठलं, बाटलीतून पाणी पीत होते, आणि एकदम डोळे चमकवून, "इंडिया? फनस्कूल?" इकडच्या संग्राहकांमध्ये भारतातल्या फनस्कूलच्या जी.आय. जो ची एक वेगळीच पंथासारखी चाहत्यांची टोळी आहे. साचे हॅसब्रोचेच, पण रंग असे की मूळ कंपनीने कधी स्वप्नातही लावले नसते, आणि तेच यांना आवडतं. तो मला असा प्रश्नांवर प्रश्न विचारायला लागला जणू मी कारखान्यात रंग कालवायला उभी होते. हा पिवळा का? या जवानाचे हात त्या जवानाचे का? मी म्हटलं, असेल तेव्हा जो रंग उरला असेल तो. तो गंभीर झाला, मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. आता हे पुढे कुठेतरी संदर्भ म्हणून छापून येणार, माझी खात्री आहे.

माझं भाषण रविवारी सकाळी नऊला. रविवारी सकाळी नऊची वेळ ज्या विषयाला देतात त्या विषयाबद्दल आयोजकांना काय वाटतं ते मी तुम्हाला सांगायला नको. विषय "कोब्राचा ताळेबंद". ऐकायला नवरा, एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची आई, गोंदणवाला माणूस जो बसल्या बसल्या झोपला, कोब्रा कमांडरच्या वेशातला एक जण, अगदी टोपडं घातलेला, आणि मागे भिंतीला टेकून दोन-चार दाढीवाले. दाढीवाल्यांची मला भीती होती. मागे भिंतीला टेकून उभे राहणारे लोक फक्त चूक काढायला येतात.

मी मुखवटा काढून ठेवला आणि सुरू केलं. कॉमिकमधला कोब्रा कमांडर हा मूळचा जुन्या गाड्या विकणारा सेल्समन, इथूनच सगळं कळतं, म्हणजे भांडवल शून्य आणि बडबड भरपूर. मग आर्बको नावाने काढलेल्या खोट्या कंपन्या, ज्याची अक्षरं फिरवली की कोब्रा, आणि एवढं सरळ असून कुठल्याही ऑडिटरने पकडलं नाही याची मला व्यक्तिशः लाज वाटते. मग शस्त्रखरेदी. ती सगळी डेस्ट्रोकडून, आणि डेस्ट्रोचं प्रेमप्रकरण कोब्राच्या गुप्तचर प्रमुख बॅरोनेसशी. म्हणजे हा संबंधित पक्षाशी केलेला व्यवहार आहे, टिपांमध्ये जाहीर करायला हवा होता, बाजारभावाने झाला का, टेंडर निघालं का? इथे आठ वर्षांच्या मुलाने वही काढली.

कोब्रासाठी लढणारा झार्टान आणि त्याची ड्रेडनॉक नावाची टोळी हे पगारी नोकर की बाहेरचे कंत्राटदार, यावर मी बरीच मिनिटं घालवली, कारण अमेरिकेत हा फार नाजूक मुद्दा आहे, गणवेश त्यांचा स्वतःचा, मोटारसायकली स्वतःच्या, वेळेवर येत नाहीत, माझ्या मते कंत्राटदारच. मग १९८६ चे बॅट, म्हणजे लढणारे रोबो, पगार नाही, पेन्शन नाही, संपावर जात नाहीत, पण प्रत्येक लढाईत डझनाने फुटतात, म्हणजे घसारा शंभर टक्के पहिल्याच वर्षी. त्याच वर्षी सर्पेंटॉर, इतिहासातल्या विजेत्यांच्या थडग्यांतून डीएनए गोळा करून बनवलेला सम्राट. इतका भांडवली खर्च, आणि परतावा काय, तर आधीच्या सीईओशी भांडण. एकच गोष्ट फायद्याची निघते, ती म्हणजे टेरर ड्रोम, कोब्राने कॉमिकमध्ये हे किल्लेवजा तळ परदेशांना विकायला काढले होते. मी म्हटलं, बाकीचं सगळं बंद करून नुसता हाच धंदा केला असता तर जग जिंकायची गरजच उरली नसती. पहिल्या रांगेतल्या कोब्रा कमांडरने टोपडं खाली घातलं.

शेवटी मी रॅप्टरवर आले. १९८७ चा हा खलनायक, अंगावर पिसांचा पोशाख, पाठीला पंख, आणि कार्डावर लिहिलंय की हा आधी टॅक्स कन्सल्टंट होता, वीकेंडला छंद म्हणून ससाणे पाळायला लागला आणि वाहवत गेला. सगळ्या फॅनमंडळींत याची टिंगल होते, सगळ्यात हास्यास्पद बाहुला म्हणून. मी त्याची बाजू घेतली. म्हटलं, या खोलीत बसलेल्या कुणीतरी मला सांगा की वीकेंडचा छंद आणि वाहवत जाणं यात नेमकं हसण्यासारखं काय आहे? शांतता. नवरा एकदम खोकला. भिंतीला टेकलेल्या एका दाढीवाल्याने, तुम्हाला खरं वाटणार नाही, टाळी वाजवली, आणि दुसऱ्याने मात्र तारखेवरून काहीतरी सुरू केलंच, पण तोपर्यंत वेळ संपली होती.

प्रश्न असतील तर बाहेर भेटा म्हटलं आणि बाहेर येऊन बघते तर रांग. खरीखुरी रांग, आत होते त्याच्या तिप्पट माणसं, निरोप कुठून कसा पसरला कुणास ठाऊक. माझा ऊर भरून आला, म्हटलं एवढी वर्षं केलेल्या संशोधनाची कुणीतरी दखल घेतली. पहिला आला तो आदल्या दिवशीचा विक्रेता, नवऱ्याला अदबीने डबा दाखवणारा. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरंच सीपीए आहात? नाही म्हणजे, मी ऑनलाइन विकतो, ते कराचं १०९९-के फॉर्म आलंय घरी, त्याचं काय करायचं असतं?"

दुसऱ्याला विचारायचं होतं की बायको म्हणते हा धंदा नाही छंद आहे, तर छंद असेल तर खर्च वजा मिळतो का. मिळत नाही. कमाई मात्र दाखवावी लागते. हे ऐकून त्याचा चेहरा पडला आणि मागच्या तिघांचाही. तिसऱ्याच्या वडिलांनी यूएसएस फ्लॅग मागे ठेवून देह ठेवला होता. चौथ्याला मी सांगितलं की वर्षापेक्षा जास्त काळ सांभाळलेली संग्राह्य वस्तू नफ्याने विकली तर त्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, शेअर्ससारखी सवलत नाही, तर तो मला म्हणाला की हे कोब्राचंच काम असणार. नवऱ्याने तोवर कुठून तरी खुर्ची आणली, टेबल आणलं, आणि लोकांना नंबर वाटायला लागला, ते कागद बघितले तर माझ्याच भाषणाच्या टिपणांचे तुकडे.

रांगेत सगळ्यात शेवटी कोब्रा कमांडर. टोपडं अजून डोक्यावर, फक्त डोळे दिसतायत. टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला आणि त्या फुसफुसत्या आवाजातच, भूमिका न सोडता, विचारलं, "सर्पेंटॉरचा खर्च तीन वर्षांत विभागून दाखवला तर चालेल?"

"थडग्यांच्या पावत्या आहेत का?" मी विचारलं.

तो खिसे तपासायला लागला.